निकम नानांची अपुरी खोकी

नवंकोरं खोकं फोडून त्यातलं एकच चाक गिऱ्हाइकाला काढून देणारा दुकानदार तुम्ही पाहिला नसेल. मी वीस वर्षं पाहिला. गंगापूर रोडवर आमच्या ऑफिसच्या बरोबर खाली निकम नानांचं हॉबीचं दुकान होतं. विमानं, जहाजं, रेल्वेची इंजिनं; सगळं सुट्या भागांत खोक्यात भरलेलं. घरी न्यायचं, जोडायचं आणि शोकेसमध्ये ठेवायचं. पण कुणी येऊन "नाना, माझ्या विमानाचा पंखा हरवला" म्हणालं, की नाना तसल्याच विमानाचं सीलबंद खोकं काढायचे, ब्लेडने फोडायचे आणि पंखा त्याच्या हातावर ठेवायचे.

"आता हे खोकं कोण घेणार?" मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं.

"त्याचं विमान अडलंय साहेब," नाना म्हणाले. "खोक्याचं काय, ते कुठं पळून जातंय?"

ते खरंच कुठे गेलं नाही. वीस वर्षं तिथेच होतं.

नाना मूळचे नांदगावचे. लग्न केलं नव्हतं, का ते कुणी विचारलं नाही. चष्म्याची तुटलेली काडी तांब्याच्या तारेने बांधलेली, कानावर पेन्सिल. 'खेळणी' हा शब्द त्यांना खपत नसे. कुणी "खेळणी आहेत का?" म्हणून डोकावलं, की ते रस्त्यापलीकडे बोट दाखवायचे. "खेळणी तिकडं. इथं काम मिळतं."

सुट्या भागाचे पैसे ते चहापुरते घेत, पण अट एक असे. "बसलं की सांगायला या." फोन चालायचा नाही. "फोनवर मला तुमचं तोंड दिसतं काय?" मग फोडलेल्या खोक्यात एक चिठ्ठी पडायची, काय काढलं आणि कुणाला दिलं याची. 'डावा पंख, ड्रॉइंगचे सर.' 'जहाजाचा नांगर, हरसूलचे कंपाउंडर.' माणूस सांगायला आला, की त्या चिठ्ठीवर पेन्सिलीने बरोबरची खूण व्हायची. पण गरज सरो नि वैद्य मरो, ही जगाची रीत. नांगर घेऊन गेलेले कंपाउंडर हरसूलला पोचले ते पोचलेच.

पुढे गिऱ्हाईकच आटलं. मुलं मोबाइलमध्ये गेली, आणि ज्यांना हौस होती त्यांच्या घरी खोकी कुरिअरने येऊ लागली. शाळेचे प्रोजेक्ट तयार मिळायला लागले. एकदा एक बाई आल्या. "काका, जोडलेलंच द्या ना. उद्या सबमिट करायचंय."

"ताई, मग मार्कं पण तुम्हीच घ्या," नाना म्हणाले. बाई रस्त्यापलीकडे गेल्या.

माझ्या मुलीच्या इंजिनाचं मागचं चाक तुटलं ते याच पडत्या काळात. नानांनी खोकं फोडलं, चाक दिलं. घरी जाऊन मी ते ड्रॉवरमध्ये टाकलं आणि विसरलो. दुसऱ्या दिवशी खाली चहाला गेलो तर नाना स्टुलावरून उठून उभेच.

"बसलं का?"

"एकदम फिट," मी म्हणालो. आमच्या ऑफिसात एवढं खोटं रोज सकाळी बोलावं लागतं, त्यामुळे ते जिभेवरच होतं. नाना क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं झालं. चहा घ्या." त्यानंतरही मी अधूनमधून काहीबाही नेत राहिलो आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी "बसलं" म्हणत राहिलो.

गेल्या दिवाळीनंतर मालकाने गाळा परत मागितला. मागच्या गल्लीत एक लहान गाळा मिळत होता, पण त्याच्या डिपॉझिटची सोय होईना. तेवढ्यात पुण्याहून जुनी खोकी जमवणारे एक गृहस्थ आले. पूर्ण खोकी असतील तर सगळी उचलतो म्हणाले. तेवढ्याने दुकान जगलं असतं. मी वरून खाली येऊन उभा राहिलो, आणि देव मानत नसूनही मनात हात जोडले.

गृहस्थांनी पहिलं खोकं उघडलं, त्यात सुकाणू नव्हतं. दुसऱ्यात शिडाची काठी नव्हती. दहाव्या खोक्यानंतर ते खाली बसले.

"एकही पूर्ण नाही?"

"नाय," नाना म्हणाले. "एकही वाया गेलं नाय."

गृहस्थ रिकाम्या हाताने पुण्याला गेले. मला नानांचा भयंकर राग आला. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या त्या किती, याला काही सुमार असतो.

नाना नांदगावला पुतण्याकडे जाणार असं ठरलं. शेवटच्या शनिवारी मी बांधाबांधीला गेलो, तर माझ्याच हाताला ते इंजिनाचं खोकं लागलं. चिठ्ठी होती, 'मागचं चाक, वरचे साहेब.' तिच्यावर खूण नव्हती. चिठ्ठीखाली कागदाच्या पुडीत एक चाक होतं.

"नाना, हे काय? मी तर सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," नाना सुतळी ओढत म्हणाले. "पण बसणार कसं? मी पुढचं चाक दिलं. त्याचं भोक अडीच मिलिमीटरचं, मागची दांडी तीनची. माझीच चूक. तुम्ही गेल्यावर लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी देणार होतो बदलून, पण तुम्ही आल्या आल्या फिट म्हणालात."

"मग बोलायचं नाही का?"

नानांनी गाठ मारली, तपासली, पुन्हा मारली.

"सांगायला तुम्ही एकटेच यायचे साहेब. बोललो असतो तर ते पण बंद झालं असतं."

पुडी खिशात घालून घरी गेलो. मुलगी आता बंगळूरला नोकरीला असते. माळ्यावर चढून तिचं इंजिन शोधलं, पुसलं, चाक लावलं. सकाळी पिशवीत घालून दुकानात नेलं. मांडण्या रिकाम्या झाल्या होत्या.

"बसलं का?" नानांनी मान वर न करता विचारलं.

मी इंजिन काउंटरच्या काचेवर ठेवलं. नानांनी एका बोटाने ढकललं. ते जरा कुरकुरलं, पण काचेच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. नानांनी ते खोकं शोधून आणलं, चिठ्ठी काढली आणि कानावरच्या पेन्सिलीने सावकाश बरोबरची खूण केली.

"आवाज करतंय. दांडीला थेंबभर तेल सोडा," ते म्हणाले, "आणि सांगायला या."

"नाना, उद्यापासून दुकान कुठंय?"

हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी रिकाम्या मांडण्यांवरून नजर फिरवली. मग त्यांनी चिठ्ठी उलटी केली, मागच्या बाजूला नांदगावच्या घराचा पत्ता लिहिला आणि ती माझ्या हातावर ठेवली.