वॉर्ड चारचा बुधवार

खर्चात कपात करायची म्हणून आमच्या नगरपरिषदेने एक एप्रिलपासून बुधवार बंद केला. मंगळवार संपला की गुरुवार लागायचा. दिवाबत्ती, झाडलोट, सभेचा चहा, सगळं एका दिवसाचं वाचलं. गावाने फारसं मनावर घेतलं नाही. दत्तमंदिराचे पुजारी तर खूश होते, कारण गुरुवार लवकर येऊ लागला.

अडचण फक्त आमच्या वॉर्ड चारची झाली. आमच्या नळाला पाणी बुधवारी यायचं.

आमच्या नगरसेविका सुलभाताई खरमाटे या विरोधी पक्षनेत्या. सर्वसाधारण सभेत त्या उभ्या राहिल्या.

“घरपट्टी तेवढीच, पाणीपट्टी वाढवलीत, आणि दिवस मात्र सहा. पूर्ण कर भरून अर्धवट आठवडा का घ्यायचा लोकांनी?”

“ताई, कर वर्षाचा असतो,” नगराध्यक्ष अण्णा टेकाळे म्हणाले. “वर्षाला हात लावलाय का आम्ही?”

“मग आमचं पाणी गुरुवारी सोडा.”

“गुरुवार वॉर्ड पाचचा. तिथल्या बायका मला रस्त्याने चालू देतील का?”

“कपातच करायची होती तर तुमच्या गाडीत करायची.”

“गाडी एकच आहे, ताई. वार सात होते.”

ताईंनी हरकत नोंदवली. मुख्याधिकाऱ्यांनी ती लिहून घेतली आणि सांगितलं, “सुनावणी नेहमीप्रमाणे बुधवारी.”

पुढच्या मंगळवारी ताईंनी वॉर्डातल्या बायकांचा हंडा मोर्चा नेला. रिकामे हंडे पालथे घालून सगळ्या नगरपरिषदेच्या पायऱ्यांवर बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कर्मचारी कामावर आले आणि म्हणाले, उठा, गुरुवार झाला.

“तुमचा झाला असेल,” ताई म्हणाल्या. “मधला दिल्याशिवाय आम्ही गुरुवार मानत नाही.”

दुपारपर्यंत अण्णा कंटाळले. बायका मंगळवारात बसलेल्या, त्यामुळे त्यांच्यावर गुरुवारी कारवाई करता येईना. शेवटी तोडगा निघाला. वॉर्ड चारला स्वखर्चाने बुधवार चालवायची परवानगी मिळाली. त्यासाठी बुधवारपट्टी नावाचा नवा कर लागला.

“हा जुलमी कर आहे,” ताईंनी चौकात भाषण केलं. “माझा त्याला ठाम विरोध आहे. सगळ्यांनी निषेध करायचा आणि भरायचा. आधी पाणी भरून घेऊ.”

पाणी आलं. पण आमचा आठवडा सात दिवसांचा आणि गावाचा सहा, त्यामुळे दर आठवड्याला आम्ही एक दिवस मागे पडू लागलो. दिवाळीला आम्ही अभ्यंगस्नान करत होतो तेव्हा गावात लग्नं लागत होती. गावात उरलेले फटाके आम्हाला निम्म्या भावात मिळाले.

मग नगराध्यक्षपदाची निवडणूक लागली. अण्णांच्या विरोधात ताई उभ्या राहिल्या. ताईंचा सगळा भरवसा वॉर्ड चारच्या मतांवर. ती सगळीच्या सगळी त्यांची होती.

एका सकाळी मतदानयंत्र घेऊन कर्मचारी आमच्या शाळेत आले.

“आज मतदान आहे,” ते म्हणाले.

“आमचं यायचंय अजून,” हेडमास्तर म्हणाले. “आज गणिताचा पेपर आहे.”

कर्मचारी संध्याकाळपर्यंत व्हरांड्यात बसले. कोणीच आलं नाही. ते यंत्र बंद करून गेले. अण्णा निवडून आले.

विजयाची मिरवणूक आमच्या गल्लीत शिरली तेव्हा ताई दारोदार पत्रकं वाटत होत्या. ताशा थांबला. अण्णा गुलालाने माखलेले, गळ्यात हार.

“ताई, निकाल लागला की,” ते जरा संकोचून म्हणाले.

“तुमच्याकडे लागला असेल,” ताई म्हणाल्या आणि त्यांनाही एक पत्रक दिलं. “बुधवारपट्टी रद्द, पाणीपट्टी निम्मी, नगराध्यक्षांची गाडी बंद. वाचून बघा.”

अण्णांनी चष्मा पुसला आणि उभ्याउभ्या पत्रक वाचलं.

“मुद्दे बरे आहेत,” ते म्हणाले. “विचार करतो.”

“करा. घरच्यांनाही सांगा.”

ताई पुढच्या दाराकडे वळल्या. मतदानाला अजून बराच अवकाश होता.