अंतरपाट आणि शाळवातली सीडी

मशीन कुठलंही असो, ते मायेचं भुकेलं असतं, हा माझा सिद्धांत! मिक्सर रुसला तर त्याला गोंजारावं, पंखा कुरकुरला तर दोन शब्द गोड बोलावेत. म्हणून त्या दुपारी क्षमानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, "अहो, लॅपटॉप पुन्हा निळा पडला!" अशी हाक मारली, तेव्हा मी बाह्या सरसावून म्हणालो, "तू निवांत चहा टाक. उकळी फुटायच्या आत हा बोलायला लागेल!"

उकळी फुटली. चहा उतू गेला. पातेल्याच्या बुडाचा कोळसा झाला. लॅपटॉप निळाच!

आमच्या फलटणच्या घरात पुढच्या खोलीत क्षमाचं भरतकामाचं कॉम्प्युटरवालं मशीन आहे. लॅपटॉपवर नक्षी काढायची, वायरीतून मशीनकडे पाठवायची, हिरवं बटण दाबायचं, की सुया फुगडी घालायला लागतात. लॅपटॉप मात्र माझ्या मास्तरकीच्या पहिल्या उमेदीतला. झाकण उघडलं की बिजागरी कण्हते आणि आतला पंखा जात्यासारखा घरघरतो. बदलावा म्हटलं तर नक्षीचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कुठल्याच कॉम्प्युटरवर नांदायला तयार नाही.

"पेनड्राइव्हनं पाठवा की!" असं तुम्ही म्हणाल. पाठवलं असतं हो! पण खंडेनवमीला मशीनची पूजा करताना आमच्या हातून पेनड्राइव्हच्या खाचेतही हळद-कुंकू आणि अक्षता पडल्या. चांगल्या भिजवलेल्या! देव प्रसन्न झाला, खाच कायमची मिटली. उरली ती वायर. आणि आता वायर जोडली रे जोडली की लॅपटॉपचा पडदा निळा पडून तो मूर्च्छित व्हायचा.

एरवी मी म्हणालो असतो, पडू दे. पण उद्या शेजारच्या गुंडाआप्पांच्या राजनंदिनीचं लग्न होतं! आप्पा फौजेत सिग्नलमध्ये हवालदार होते. पोर पाळण्यात होती तेव्हा आसामच्या पोस्टिंगवरून त्यांनी फिकट सोनेरी रेशमाचा एक तुकडा आणला होता. तिच्या लग्नाच्या अंतरपाटासाठी! इतकी वर्षं तो ट्रंकेत कडुनिंबाच्या पाल्यात निजला होता. त्यावर मी रचलेली ओवी क्षमा भरणार होती. रेशीम मशीनवर ताणून तयार. तेवढंच एक, दुसरं नाही.

मी पुन्हा कामाला लागलो. आधी चाचणी घ्यावी म्हणून ओवीऐवजी दोनच शब्द टाईप केले: "आलं का?" दिसायला सोपं जावं म्हणून अक्षरं चांगली भोपळ्याएवढी ठेवली आणि पाठवलं. लॅपटॉप निळा. पुन्हा चालू केला, पुन्हा पाठवलं, पुन्हा निळा!

शेवटी कुपवाडला अमृतला फोन लावला. मशीन त्यानंच बसवून दिलं होतं.

"सर, नेटवर्कचा ड्रायव्हर गंडलाय, म्हंजे वायर चालवणारं सॉफ्टवेअर. काढून टाका आन् परत घाला."

मी काढून टाकला. काढणं फार सोपं होतं! मग लॅपटॉपनं नम्रपणे विचारलं, नवा ड्रायव्हर इंटरनेटवरून आणू का? मी म्हटलं, आण बाबा. तो म्हणाला, त्यासाठी नेटवर्क पाहिजे. नेटवर्कचं विचारलं, तर म्हणाला, त्यासाठी ड्रायव्हर पाहिजे! शिडी विहिरीत पडलीय आणि ती काढायला विहिरीत उतरायचंय, अशी माझी गत.

"अमृत, तू तिकडून पाठव ना!"

"सर, ह्या मॉडेलचा ड्रायव्हर कंपनीनं साइटवरनं कवाच काढला. लॅपटॉपसंगं सीडी आली असंल बघा."

सीडी! आली होती की! मी कपाट उघडलं. कप्पा रिकामा.

"अहो," क्षमा हळूच म्हणाली, "घरातल्या सगळ्या जुन्या सीड्या तुम्हीच आप्पांना दिल्यात. शाळवात पाखरं हाकायला."

तेवढ्यात अंगभर हळदीचे हात उमटलेले गुंडाआप्पा दारात उभे! "झालं का गुर्जी? आमची मंडळी इचारत्यात."

मी सगळं सांगितलं. आप्पांनी लॅपटॉपकडे अशी नजर टाकली, जशी परेडला बूट न घासलेल्या जवानाकडे टाकत असतील.

"आवं, मी सिग्नलचा माणूस! बर्फात वायरलेस बोलता केलाय म्या. ठोकके देखा क्या?"

"नको!" म्हणेपर्यंत त्यांनी ठोकून देखा. कीबोर्डवरचा 'क' उडून माझ्या दुसऱ्या खेपेच्या चहात पडला.

"मग चला रानात!" आप्पा म्हणाले.

स्कूटरवरून आम्ही कालव्याकाठच्या रानात पोचलो आणि मी क्षणभर लॅपटॉप विसरलोच. ज्वारीची पिवळी पडत चाललेली कणसं, वाऱ्यानं डुलणारी ताटं आणि दोरीदोरीला गरगरणाऱ्या सीड्या! जणू शाळवानं लग्नासाठी कानात कुड्या घातल्या होत्या.

"बघत काय उभं ऱ्हायलाय? घ्या ती वरली!"

एकेक सीडी उतरवून मी वाचू लागलो. "मेव्हण्याचं लग्न, भाग दोन."

"ती ऱ्हाऊ द्या. तिला बघून पाखरंच काय, मेव्हणाबी पळतोय."

"दहावी बीजगणित."

"तिच्याखाली तर चिमणी फिरकत न्हाई!"

सीड्या उतरल्या तशी पाखरांना बातमी लागली. आधी एक चिमणी आली, मग तिचं माहेर, मग सासर! पोपटांचा थवा तर वऱ्हाडासारखा पंगत धरून बसला. आप्पा गोफण घेऊन "हाऽऽ हाऽऽ" करत एका टोकाला, मी टॉवेल फिरवत दुसऱ्या टोकाला. तेवढ्यात बांधावरून आवाज कडाडला. आप्पांच्या घरच्या, सुलाबाई!

"आवं, नवरीचा बाप कुठं गेला म्हून मांडवात बोंब उठलीया, आन् तुमी हितं पाखरं राखताय व्हय? आन् गुर्जी, तुमीबी?"

"सुलाबाई, आम्ही ड्रायव्हर शोधतोय."

"आप्पा मिलिटरीत व्हतं तवा बरं व्हतं," सुलाबाई आभाळाकडे बघून म्हणाल्या, "निदान सरकार तरी त्येनला सांभाळत व्हतं!"

पण बोलता बोलताच त्यांनी डोक्यावर लोंबणारी सीडी ओढून माझ्या हातात दिली. "ह्येच्यावर बारीक इंग्रजी हाय. बघा."

तीच! उन्हानं फिकटलेली, पाखरांनी सढळ हातानं आशीर्वाद दिलेली. बाकीच्या सीड्या पुन्हा टांगायला सुलाबाईंनी आप्पांना तिथंच जुंपलं आणि मी घरी धूम ठोकली.

क्षमानं सीडी धुतली, टूथपेस्ट लावून हलक्या हातानं घासली, पदरानं टिपली. लॅपटॉपनं ती पोटात घेतली. घर्र, घर्र, घर्र... आणि पडद्यावर अक्षरं उमटली, ड्रायव्हर बसला! मी वायर जोडली. लॅपटॉप निळा पडला नाही. मशीनवरचा दिवा हिरवा झाला!

"क्षमा!" मी ओरडलो. "सांगत होतो ना? मायेचं भुकेलं असतं!" आणि त्या आनंदात ओवी पाठवली आणि हिरवं बटण दाबलं.

सुया नाचू लागल्या. लाल धागा, जरीचा धागा, काय तो थाट! मी हाताची घडी घालून उभा. पहिलं अक्षर उमटलं. आ. माझी ओवी तर 'पाव्हणा'नं सुरू होत होती... दुसरं अक्षर. लं. मशीनकडे जायच्या रांगेत माझी दुपारची अडकलेली चाचणी सगळ्यात पुढं उभी होती, हे कळेपर्यंत प्रश्नचिन्हाचं टिंबसुद्धा भरून झालं होतं.

आप्पांच्या ट्रंकेतल्या, आसामच्या रेशमावर, बरोबर मधोमध, भोपळ्याएवढ्या जरीच्या अक्षरांत: "आलं का?"

क्षमा आली. पाहिलं. मला वाटलं आता काही माझं खरं नाही. पण ती खाली बसली आणि रेशमावरून बोट फिरवत राहिली.

"उसवूया?" मी विचारलं.

"भोकं राहतील. रेशीम आहे ते." शेजारच्या मांडवात बायका हळदीची गाणी म्हणत होत्या, तो सूर खिडकीतून येत होता. क्षमा एकदम म्हणाली, "अहो, बायका ओवीत असंच विचारतात की. ओव्या रचता ना? मग रचा पुढचं. ह्याच्याखाली."

मी रचलं. ओट्याशी उभं राहून, तिच्या देखत, एक शब्द खोडत, दोन लिहीत:

*शाळवाच्या रानी गं, गोड चांदणं आलं का?*
*पडद्याच्या पल्याड, माझं माणूस आलं का?*

आधीची रांग पुसून टाकली आणि लॅपटॉपनं एकदाही कुरकुर न करता ते पाठवलं. बटण या खेपेला क्षमानं दाबलं.

दुसऱ्या दिवशी मांडवात भटजींनी अंतरपाट धरला. भरतकामाची बाजू नवरदेवाकडे आणि त्याच्यामागच्या वऱ्हाडाकडे होती. नवरदेव शिवतेजची नजर खालच्या ओळीवर थांबली. मंगलाष्टकाच्या दोन कडव्यांमधल्या शांततेत तो भाबडेपणानं मोठ्यानं म्हणाला, "आलंय की!"

अख्खा मांडव हसला! पलीकडे राजनंदिनी खांदे हलवत हसत होती. भटजी पुढचं कडवं विसरले. आप्पा डोळे पुसता पुसता हसत होते. आणि माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण मला आवरेना. कवी म्हणून जगण्याचं सार्थक झालं!

पंगतीत शिवतेजच्या आत्या, बनुबाई, मला शोधत आल्या.

"गुर्जी, त्यो पडदा तुमीच लिवला न्हवं का?"

"हो हो!" मी नम्रपणे मान झुकवली. "ओवी आवडली?"

"लय काळजाला भिडलं बगा! वरची अक्षरं. येवढीच्या येवढी, ठसठशीत! खाली काय बारीक व्हतं, त्ये मातूर दिसलं न्हाई. चष्मा घरीच ऱ्हायला."

क्षमानं माझ्या पानात आणखी एक जिलेबी वाढली आणि म्हणाली, "खा गुपचूप."