मंगळवारची कोंबडी

चहा आला की भोईरमामा आधी आपला पेला माझ्याकडे सरकवतात आणि माझा स्वतःकडे ओढतात. टपरीवाला वीस वर्षांच्या ओळखीचा, पण मामांचं आपलं एकच, "संशय घेऊन ठेवावा रं. सोडायला किती टायम लागतो?"

मामा आमच्या खाडीकाठच्या पोलीस ठाण्यात हवालदार, निवृत्तीला आलेले. मी तिथेच संगणकावर बसणारा शिपाई. फेरीबोटीतून उतरणाऱ्या प्रत्येक पेटीवर मामांचा संशय. हसणाऱ्या माणसावर जरा जास्त. सायकलला दोन कुलपं, आणि चाव्या वेगवेगळ्या खिशांत.

अशा माणसासमोर यंदा एआय आली. सगळ्या तक्रारी वाचून कुठे काय वारंवार घडतंय, ते ती शोधणार होती. मामांनी पहिल्याच दिवशी संगणकाच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. "बाय सगल्यांचं वाचते, सोताचं काय सांगत न्हाय. आरोपी अशेच असतात."

पहिला अहवाल आला आणि मी उडालोच. खाडीपलीकडे चांगुणाबाई नावाच्या म्हातारीकडे वर्षभर दर मंगळवारी कोंबडी चोरीला जात होती. प्रत्येक तक्रार लिहिणारा एकच, भोईर.

साहेब भडकले. "खोट्या तक्रारी लिहून हा पलीकडे जातो कशाला? कसला माल उतरवतो? बघून ये. काही निघालं तर पेन्शन विसरा म्हणावं." खरं सांगतो, मलाही वाटलं, दुसऱ्यावर इतका संशय घेणारा स्वतः धुतल्या तांदळासारखा असेलच कशावरून?

मंगळवारी मी मामांबरोबर बोटीत बसलो. वाटभर ते माझ्याकडे संशयाने बघत होते आणि मी त्यांच्याकडे.

एका खोलीचं घर. अंगणातल्या रिकाम्या खुराड्याला कोळिष्टकं लागलेली. म्हातारी दारातच बसली होती.

"भेटली का रं कोंबरी?"

"तपास चालू हाय, आये," म्हणत मामा टोपी काढून ओट्यावर बसले. ती चहा टाकायला आत गेली.

"मामा, कोंबड्या कुठायत?" मी विचारलं.

"एकच व्हती. ती खरीच चोरीला गेली. सापडली न्हाय, येवढं सांगायला आलो, तर म्हातारीनं जेवायला वाढलं. तिचा पोरगा आखातात. आन् तुझी मामी गेल्यापासून मला तरी घरी कोन वाढतंय? तपास बंद केला तर यायचं कसं?" मग खाली बघत म्हणाले, "मशीननं संशय घेतला, बरोबरच केलं. आता तू सोडतोस का, ते बोल."

मला माझीच लाज वाटली. "साहेबांना मी समजावतो. पण आता तक्रारी नकोत, मामा. मंगळवारी सुट्टी घ्या आणि नुसतेच या."

"नुसताच कसा येऊ? तिला काय सांगू?"

"काय सांगू नको," चहा घेऊन आलेली म्हातारी म्हणाली. "कोंबरी कवाच खाल्ली असंल कुनी. तू येतोस म्हनून इचारते."

सवयीने मी माझा पेला मामांकडे सरकवला. त्यांनी तो परत माझ्यापुढे ठेवला आणि आपलाच उचलून तोंडाला लावला.