सरांचे बुडबुडे

"जावईबापू, तुमचे पाइप गेले," सासूबाईंनी सकाळच्या चहाला जाहीर केलं. "तुम्ही आंघोळीला आत शिरलात की भिंतीतून गुडगुड ऐकू येते. मी दाराला कान लावून खात्री केली."

सरांना ठसका लागला. पाइप ठणठणीत होते. गुडगुड सर स्वतः करत होते, बादलीत तोंड बुडवून.

सर शाळेत भूगोल शिकवत. जगातले सगळे समुद्र त्यांना तोंडपाठ, पण त्यांच्या अंगाला पाणी लागायचं ते मगातलं. वरच्या मजल्यावरचा वर्ग गाठताना हल्ली त्यांना धाप लागायची. मग ते जिन्यात थांबून सूचनाफलक वाचत. एकच सूचना महिनाभर वाचून झाल्यावर ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "पोहायला जा. त्यात श्वास तालात घ्यावा आणि सोडावा लागतो. छातीला व्यायाम, दम वाढतो, झोपही छान लागते."

सरांनी तलावाचा पास काढला. पहिल्या दिवशी घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "येतं का हो तुम्हाला पोहायला?"

आता, "मला येत नाही" हे वाक्य सरांनी आयुष्यात उच्चारलं नव्हतं. वर्गात एखाद्या प्रश्नाचं उत्तर माहीत नसलं, तर ते "शाब्बास, हेच उद्या घरून शोधून आणा," म्हणत. त्याच तोऱ्यात ते बायकोला म्हणाले, "येतं का म्हणजे? माशाला कोणी विचारतं का?"

त्या दिवशी हा मासा तलावाच्या काठाचा दांडा सोडायला तयार नव्हता. शिकवणाऱ्या बाई वयानं त्यांच्या विद्यार्थिनीएवढ्या. त्या म्हणाल्या, "सर, जीव मुठीत धरा हवं तर, पण श्वास धरू नका. तोंड पाण्यात असताना हळूहळू सोडायचा, बुडबुडे निघाले पाहिजेत. मान बाजूला वळली की घ्यायचा. तुम्ही आत कोंडून ठेवता, मग बाहेर आल्यावर सोडायचा की घ्यायचा, असा गोंधळ होतो. घरी बादलीत सराव करा."

तो सराव आता सासूबाईंच्या कानी पडला होता. खरं सांगून टाकायचं, तर मासा आडवा आला. "मलाही संशय होताच," सर म्हणाले. "हवा अडकली असणार."

बायकोनं लगेच प्लंबरला फोन लावला. प्लंबर आला, भिंतीवर टकटक केलं, कान लावला. "काहीच वाजत नाही, बाई."

"जावईबापू आत असले की वाजतं," सासूबाई म्हणाल्या.

"मग साहेब, जा आत. रोज करता तसंच सगळं करा."

सरांनी आत जाऊन कडी लावली. समोर भरलेली बादली. गप्प उभं राहायचं, प्लंबर कंटाळून जाईल, प्रकरण मिटेल. एवढ्यात बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "म्हणजे मला भास होतात, असंच ना? म्हणा, म्हणा. वय झालंय माझं." शेवटचा शब्द जरा कापरा होता.

सरांचं काळीज विरघळलं. त्यांनी छातीभर श्वास घेतला, बादलीत तोंड घातलं आणि सोडला. मन लावून केलेला सराव कधी वाया जात नाही. गुडगुड इतकी लांब आणि घुमारेदार निघाली की भिंतीवरचा आरसासुद्धा थरथरल्यासारखा वाटला.

"ऐकलंत?" सासूबाई विजयी स्वरात म्हणाल्या.

"बापरे!" प्लंबर म्हणाला. "हे आत खोलवर आहे. भिंत फोडावी लागणार."

दुपारपर्यंत भिंत फुटली. पाइप निघाला नवा कोरा. प्लंबरला ते मानवेना. भिंतीत नाही तर जमिनीत असणार, म्हणून त्यानं फरशी उखडली. संध्याकाळी बाथरूमच्या जागी एक खड्डा होता आणि प्लंबर सांगत होता, "तशाच फरशा मिळायला आठवडा जाईल. तोवर पाणी बंद."

"आणि आंघोळी?" सरांनी विचारलं.

"तुमचा तलाव आहे की," बायको म्हणाली. "तिथे शॉवर असतात ना? उद्या रविवारच आहे. आईला घेऊन जाऊ. तुमचं पोहणंही बघू एकदा."

रविवारी दोघी टॉवेल-साबण घेऊन काठावरच्या बाकावर बसल्या. सर शिकवणाऱ्या बाईंच्या कानाशी लागले, "आज घरचे आलेत. तलाव आडवा पार करायचाय."

"आजवर तुम्ही मध्येच उभे राहिलात, सर."

"आज राहत नाही."

सरांनी भिंतीला पाय रेटला. तोंड पाण्यात, श्वास बाहेर. मान बाजूला, श्वास आत. पहिल्यांदा पाणी नाकात गेलं. ते थांबले नाहीत. मग केव्हातरी हात, मान आणि छाती यांचं आपापसांत जमलं. घाई उरली नाही. डोकं शांत झालं. पाय टेकवायचे राहूनच गेले, आणि बोटं समोरच्या भिंतीला लागली.

"जमलं!" बाई टाळ्या वाजवत होत्या.

सरांनी दिमाखात बाकाकडे पाहिलं. बाक रिकामा.

"घरचे कुठे गेले?"

"शॉवरला गरम पाणी आलंय असं कोणीतरी ओरडलं. दोघी धावतच गेल्या."

एरवी सरांनी दोघींना परत बोलावून सगळा धडा पुन्हा घेतला असता. पण छाती अशी मोकळी झाली होती की रागाला आत जागाच सापडेना. भिंतीला टेकून ते नुसतेच हसत राहिले.

जरा वेळानं बायको केसांना टॉवेल गुंडाळून काठावर आली. "आई अजून आतच आहे. बाहेर यायलाच तयार नाही. झालं का पोहून? बघायचं राहिलंच बाई. जाऊ दे, तुम्हाला काय, येतंच."

"येत नव्हतं," सर म्हणाले. "आत्ता आलं. महिनाभर बादलीत तोंड घालून शिकलो."

बायको त्यांच्याकडे पाहत राहिली. बादली, बाथरूम, भिंत, फरशी असा एकेक विचार तिच्या चेहऱ्यावरून सरकताना सरांना स्पष्ट दिसला.

"अहो, म्हणजे आपलं बाथरूम..."

सरांनी भरपूर श्वास घेतला, तोंड पाण्यात घातलं आणि अगदी सावकाश, तालात, पलीकडच्या काठाकडे निघून गेले.