आडवी बाटली

चौथ्या दिवशीही बाटली आडवीच दिसली, तेव्हा फौजदारीणबाईंनी हळूच रामरक्षा पुटपुटली. बाईंचा फौजदारीशी काही संबंध नव्हता. गल्लीने त्यांच्या जिभेला दिलेला तो मान होता. भुताखेतांना त्यांनी कधी दारात उभं केलं नव्हतं. पण फ्रीजमधल्या भाजीच्या खणात रोज सकाळी त्या एक बाटली उभी करत आणि दुसऱ्या सकाळी ती गाजरांच्या बाजूला निवांत लवंडलेली असे.

बाटली मुलाच्या साहेबांची. रविवारी साहेबांकडे मोठे साहेब जेवायला येणार होते. साहेबांच्या घरात पाहुण्यांचा राबता, म्हणून तोवर ती इथे सांभाळायची होती.

"आई, हिला हात लावू नकोस," मुलगा म्हणाला होता. "आइस वाइन आहे. द्राक्षं वेलीवरच बर्फासारखी गोठू देतात, मग तशीच पिळतात. टोपलीभर द्राक्षांतून वाटीभर रस निघतो."

"म्हणजे द्राक्षं वेळेवर तोडली नाहीत, आणि त्या आळसाचं एवढं कौतुक?"

"चेष्टा नको गं. माझी नोकरी कायम करायचा कागद साहेबांच्या टेबलावर आहे."

हात लावणार नव्हत्याच त्या. पण आडवी बाटली दारुड्याच्या घरात शोभते, आपल्या नाही, असं त्यांनी सुनेला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. म्हणून फक्त उभी केली. आता मात्र कुणाला सांगायची सोय राहिली नव्हती. मुलगाही हल्ली फ्रीज उघडला की पांढराफटक पडे आणि बायकोकडे संशयाने बघे. 

शनिवारी रात्री सगळे झोपल्यावर त्यांनी बाटली वरच्या बर्फाच्या कप्प्यात, दोन डब्यांच्या मध्ये घट्ट ठोकून उभी केली. "आता पड बघू!"

रविवारी दुपारी बघतात तो बाटली उभीच होती, पण बूच बोटभर वर आलं होतं. आतलं कुणीतरी बाहेर डोकावत असल्यासारखं.  त्यांनी बाटली ओट्यावर ठेवली, आतल्या रसाचा गोठून फुगलेला गोळा विरघळेपर्यंत डोळ्यांत तेल घालून राखण केली, आणि बूच जागेवर बसवायला खलातला बत्ता घेतला. हलकेच एक ठोका दिला. दुसरा देणार तोच दारावरची घंटा वाजली. बाई दचकल्या आणि बत्ता जोरात बसला.

बुडुक.

बूच आत पडलं आणि सोनेरी रसात पोहू लागलं.

दारात साहेब! संध्याकाळी यायचे ते चारलाच आले होते. "जरा... बाटली बघायची होती," ते ओठावरून जीभ फिरवत म्हणाले. मुलाने खण उघडला. खणात नुसती गाजरं. त्याने ती खालीवर करून पाहिली.

बाई बाटली घेऊन पुढे आल्या. मान ताठ होती. "साहेब, पोराच्या कागदावर राग काढू नका. मी उभी केली, मी गोठवली, बूचही मीच आत घातलं. काय बोलायचं ते मला बोला."

साहेबांनी बाटलीकडे पाहिलं. मग खुर्चीत धपकन बसले.

"म्हणजे उघडली?"

"उघडलीच म्हणायची."

"सुटलो!" साहेबांनी खिशातून बूच काढायचा मळसूत्री काटा काढून टेबलावर टाकला. "आई, दोन वर्षं ऑफिसात वाइनच्या गप्पा ठोकतोय. उघडली एकही नाही. परवा घरी एका साध्या बाटलीवर हात चालवून बघितला, तर बुचाचा भुगा. मोठ्या साहेबांसमोर तसंच झालं असतं तर? चार रात्री डोळ्याला डोळा नाही. म्हणून ही इथेच चोरून आधी उघडून ठेवायला आलो होतो."

सुनेने रस गाळून काचेच्या सुरईत ओतला. साहेबांनी इवल्याशा पेल्यात चमचाभर घेतला, हुंगला, जिभेवर घोळवला. "ठीक आहे. गार करून देईन. म्हणेन, मुद्दाम आधी उघडून ठेवली."

"बघू," म्हणत बाईंनीही पेला ओठांना टेकवला. मध, पण मागून आंबट चिमटा काढणारा. "एवढासाच? प्यायला दिलाय की नजर काढायला?"

साहेब गेल्यावर त्या मुलाकडे वळल्या. "आता सांग, ती रोज पडत कशी होती?"

"म्हणजे रोज तूच उभी करत होतीस? अगं, मी आडवी करत होतो! बूच ओलं राहावं म्हणून आडवीच ठेवतात. मला वाटलं, ही चोरून..."

"मी?" सून कडाडली. त्या संध्याकाळी मुलाने जेवण स्वतः वाढून घेतलं.

महिन्याभराने कायम नोकरीचा कागद आला, आणि सोबत साहेबांकडून तसलीच नवी बाटली. बाईंनी ती स्वतःच्या हाताने आडवी ठेवली, खाली मऊ फडकं घालून. कुणी हात लावायचा नाही, असं स्वतःलाच बजावलं.

सकाळी खण उघडला. बाटली उभी!

बाईंनी खण मिटला, पुन्हा उघडला. मुलगा तर कालच बाहेरगावी गेला होता.

"मी केली उभी, सासूबाई," सून मागून लाडात म्हणाली. "तुम्हाला आडवी चालत नाही ना?"