मानाचा पहिला काप

सत्य एकच असते. ते शोधण्याच्या पद्धती मात्र विभागप्रमुखांच्या संख्येइतक्या असतात. नांदेडच्या एका प्रयोगशाळेत विभागप्रमुख तीन होते. त्यामुळे शरीरातून काढलेल्या तुकड्यात कर्करोगाला कारण ठरणारा एचपीव्ही विषाणू आहे की नाही, हे ओळखण्याच्या पद्धतीही तीनच निघाल्या. भीमाशंकर सर विषाणूचा डीएनए शोधत, देविदास सर पेशींना रंग चढवून पाहत आणि विशाखा मॅडम विषाणूला थेट पेशीत जाऊन गाठत. श्रेष्ठ कोण, याची तुलना करायची ठरली. (भांडण नव्हे. भांडणाला अनुदान मिळत नाही.)

कापायचं काम सत्यशीलाचं. मेणात बसवलेल्या तुकड्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढण्यात तिची पंधरा वर्षं गेली होती. या खेपेचा तुकडा अर्धापूरच्या सुभद्राबाईच्या गर्भाशयाच्या तोंडाचा, हरभऱ्याच्या डाळीएवढा. रिपोर्ट आल्याशिवाय लातूरचे डॉक्टर उपचार सुरू करणार नव्हते.

पहिला काप भीमाशंकर सरांना गेला आणि विज्ञान अडलं. लग्नात टोपी-टॉवेल न मिळालेल्या मामासारखे देविदास सर रुसले. विशाखा मॅडमनी तर लेखी रुसवा धरला. मग सर्वमान्य तोडगा निघाला: दरवेळी तुकडा कापायच्या यंत्रावर नव्याने चढवायचा, म्हणजे प्रत्येकाचा काप पहिलाच. नव्याने चढवला की वरचे दहा-बारा काप पृष्ठभाग सपाट करण्यातच वाया जातात, असं सत्यशीलाने लिहून दिलं. त्यावर ‘योग्य ती नोंद घेतली’ असा शेरा आला.

“मॅडम, मायचा रिपोर्ट झाला का?” सुभद्राबाईची लेक राजकन्या रोज फोन करी. “तिचं लई रगत जाऊन राहिलंय.”

“होऊन राहिलाय, ताई,” सत्यशीला सांगे, आणि फोन ठेवल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटे.

पहिल्या फेरीचे निकाल आले: एक ‘आहे’, एक ‘नाही’, एक ‘पुन्हा करावे’. म्हणून दुसरी फेरी झाली, मग तिसरी. चौथ्या फेरीला पात्याखालून नुसतं मेण निघालं. सत्यशीलाने तसं सांगितलं, पण ऐकतंय कोण? मेणाचेही तीन मानाचे काप झाले आणि तिन्ही पद्धतींनी निर्वाळा दिला: विषाणू नाही. शंभर टक्के एकमत झालं. तिघांनी एकमेकांना शाली घातल्या.

त्या रिपोर्टवर सही करायला सत्यशीलाने नकार दिला (तिची चौकशी चालू आहे) आणि स्वतःच फोन लावला.

“ताई, मायला घेऊन या. तुकडा परत काढावा लागतोय.”

“पहिल्याचं काय झालं?”

“तुलना झाली.”



तुलनेचा निबंध छापून आला तेव्हा दूरदूरच्या विद्वानांनी एकच प्रश्न विचारला: मग तिन्हींत सरस पद्धत कोणती? तुम्हीही इथवर तेच कळेल म्हणून वाचत आला असाल, तर संकोच नको; पुढच्या समितीत एक जागा रिकामी आहे.