हवाई अंतर

कनेरगाव नाक्याच्या किशनरावांनी मोबाईलवर दोन गोष्टी पाहून ठेवल्या होत्या. हैदराबादहून नांदेडला विमान तासाभरात येतं. आणि कनेरगाव ते नांदेड अंतरही फार नाही, जीप तासाभरात नेईल.

त्या विमानानं भीमराज आणि त्यांची बायको शिला येणार होते. किशनरावांचा प्रज्ञेश हैदराबादला नोकरीला होता, आणि या दोघांच्या मुलीशी त्याचं जुळत आलं होतं. फक्त घर पाहून मग होकार द्यायचा, असं मुलीकडच्यांचं म्हणणं होतं.

"आत्ताच निघू ना," किशनरावांच्या बायकोचा, केशरबाईंचा जीव सकाळपासून वरखाली होत होता.

"काहून? तिकडं विमान उडालं की इकडं जीप काढू. बराबर पोचतो."

जीप शेजारच्या चाँद पाशाची. विमानात बसल्याचा भीमराजांचा फोन आला, तशी घराची चावी त्याच्या बायकोकडं, चाँदबीकडं देऊन नवरा-बायको आणि चाँद पाशा असे तिघं निघाले.

हिंगोली मागं पडली तरी पाटीवरचा नांदेडचा आकडा काही घटेना. किशनरावांनी घाईनं मोबाईल उघडला. अंतराच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'हवाई अंतर'.

"म्हंजे?" केशरबाईंनी विचारलं.

"म्हंजे जीपला पंख पाह्यजे होते, वहिनी," चाँद पाशा म्हणाला.

आखाडा बाळापूरला बाजार भरला होता. जीप माणसांत आणि शेळ्यांत रुतून बसली, आणि नेमका तेव्हाच फोन वाजला.

"आमी उतरलो. तुमी कुठं हाव?" भीमराज विचारत होते.

"बाहेरच हाव, गेटासमोर." किशनरावांच्या तोंडून निघून गेलं.

"गेटासमोर तर आमीच हाव. दिसून न्हाई राहिले."

"गर्दी लई हाय ना!"

"गर्दी? इथं आमी दोघं अन् एक शिपाई हाय फक्त."

तेवढ्यात खिडकीशी भाजीवाली ओरडली, "ताजी वांगी घ्या, वांगी!"

पलीकडून लगेच प्रश्न आला, "विमानतळावर वांगी?"

"आजकाल सगळंच मिळून राहिलं," किशनराव म्हणाले, आणि बॅटरी संपली. भीमराजांचा नंबर कुणालाच पाठ नव्हता.

ते विमानतळावर पोचले तेव्हा शिपाई एकटाच होता. "ते पाव्हणे? गाडी करून गेले कवाच. कनेरगावला."

परतीच्या वाटेत केशरबाई एकदाच बोलल्या. "पोराचं लगीन तुमच्या तोंडानं मोडलं." माफी कशी मागायची याची किशनराव मनातल्या मनात उजळणी करत राहिले, पण प्रत्येक वाक्य वांग्यांपाशी येऊन अडत होतं.

जीप दाराशी थांबली. अंगणात खाटेवर भीमराज चहा पीत बसले होते. घरातून शिलाताई तांब्या घेऊन बाहेर आल्या.

"या, या. लई दमले असाल. आधी पाणी घ्या."

आपल्याच अंगणात किशनराव पाव्हण्यासारखे अवघडून बसले. "लई तकलीफ झाली तुमाला. मी ते फोनवर..."

"तकलीफ कसली?" शिलाताई हसल्या. "तुमी न्हवते तेच बरं झालं. चाँदबीनं घर उघडून दिलं, गल्लीतल्या बाया जमल्या, मनमोकळी चौकशी झाली. समदं खरं कळलं."

केशरबाईंनी पदर घट्ट धरला. "काय कळलं?"

"समद्यांचं एकच म्हणणं, माणूस सरळ हाय. त्याला खोटं बोलता येत न्हाई."

भीमराजांनी कप खाली ठेवला. "त्यावर मी म्हणालो, व्हय, ते मी सोता फोनवर ऐकलंय. पोरगी दिली!"